जागेपुढचं शून्य

प्रिय धाकट्या,

तुझा आराखडा मिळाला. आधी भाऊ म्हणून वाचला, मग कार्डांच्या चाचणी विभागात केस पिकवलेला माणूस म्हणून, आणि शेवटी ऱ्हस्वदीर्घासाठी. त्या बाबतीत तू अजूनही निर्भय आहेस. नोकरी गेल्यावर माणसं छताकडे बघत पडून राहतात. तू स्मार्ट कार्डांचं सॉफ्टवेअर लिहिण्याचा स्वतःचा उद्योग काढायला निघालास, आणि खोलीचं दार उघडणारं, जेवणाची हजेरी घेणारं कार्ड करून देतो असं एका वसतिगृहाला कबूलही करून बसलास. नमुना पुढच्या महिन्याअखेर हवा म्हणे. उत्साहाला साष्टांग नमस्कार. पण हे सगळं आईच्या खोलीवर उभं आहे. तिथे, जागेपुढे, तू खर्च शून्य लिहिला आहेस आणि माझं अडतंय ते तिथेच. त्याकडे येतो. आधी तू विचारलंस त्याचं उत्तर देतो, कारण ते सोपं आहे.

कार्ड वाचणारं यंत्र, तो रीडर, महागडा घेऊ नकोस. साधे दोन घे, पण वेगवेगळ्या कंपन्यांचे. एकाशी गोड बोलणारं कार्ड दुसऱ्यापाशी मौन धरतं, आणि गिऱ्हाइकाच्या दारावर नेमका तो दुसराच बसवलेला असतो. कार्ड जावा ही संगणकभाषा चालवणारंच निवड. स्वतःची बंदिस्त प्रणाली विकणारे आधी गुप्ततेच्या करारावर सही घेतात, मग प्रशिक्षणाचे पैसे घेतात, मग दरवर्षी परवान्याचे. एवढं करून त्यांचं माहितीपुस्तक वेदान्तापेक्षा दुर्बोध. जावाची अवजारं फुकट मिळतात, सिम्युलेटरसकट, म्हणजे संगणकातल्या लुटुपुटीच्या कार्डासकट. तपासणीचं जे भारी सॉफ्टवेअर तू यादीत घातलं आहेस, ते खोड. बँकांची कामं करणाऱ्यांना ते प्रमाणपत्रासाठी लागतं. जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभ्या असलेल्या पोराला तुझ्या प्रमाणपत्राशी काय देणंघेणं?

सिम्युलेटरवर मात्र फार दिवस रमू नकोस. तिथे सगळंच क्षम्य. जागा हवी तेवढी, वेग मनासारखा, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. खऱ्या कार्डात जागा चिमूटभर, आणि तिथे चूक म्हणजे चूक. म्हणून कोरी कार्डं लवकर मागव. कंपन्या हजार कार्डांखाली बोलतच नाहीत, तेव्हा एखाद्या वितरकाकडून थोडे नमुने घे. त्यांच्या किल्ल्या, म्हणजे आत शिरायचे सांकेतिक आकडे, कार्डांबरोबरच लेखी माग. चुकीची किल्ली ठरावीक वेळा लावली की कार्ड कायमचं मिटतं. मग खुद्द बनवणारा आला तरी उघडत नाही. संस्कृतात एम.ए. करून पोटासाठी या धंद्यात आलो, तेव्हा मी अख्खा गठ्ठा असा मारला होता. तू तेव्हा शाळेत होतास. आईने ती मेलेली कार्डं वाया जाऊ दिली नाहीत. एकाने तव्याचं करपलेलं खरवडायची, एक घडी करून शिलाई मशीनच्या पायाखाली घातलं होतं. शेजारणीला सांगायची, "थोरल्याच्या हापिसातली आहेत. फार हुशार, पण एकदा रुसली की संपलं. त्याच्यावरच गेलीत."

कचेरी सुटली की रोज तिच्याकडे जातो. तू लिहिलंस, आई शुश्रूषागृहात रमली आहे, मोडलेलं हाड जुळायला वेळ लागेल, तोवर खोली रिकामीच. ते रमल्याचं तू माझ्याच फोनवरून उचललंस. पहिल्या आठवड्यात तिने नर्सला चादर घालायला शिकवलं, चहाला गढूळ पाणी म्हणाली, पलीकडच्या खाटेवरच्या आजींशी त्यांच्या सुनेच्या बाजूने भांडली. मला वाटलं, रमली. आता ती कुणालाच काही म्हणत नाही. चहा येतो, गार होतो, परत जातो. तुझी वहिनी घरून काहीबाही करून नेते. दोन घास जातात, तेही वहिनीचं मन राखायला. मला एवढंच विचारते, "खोली झाडतोस ना रे?" मी हो म्हणतो, आणि मग खोटं ठरायला नको म्हणून जाऊन झाडून येतो. परवा तुझा आराखडा घेऊनच तिथे उभा राहिलो. टेबल तू म्हणतोस तिथे, खिडकीशी, नीट बसतं. कपाट हलवायची गरज नाही. खाट मात्र तू विकायला काढली आहेस, ती विकता येणार नाही.

ती तिला लागणार आहे. हाड जुळलं, पण तपासण्यांत दुसरंच निघालं, आणि ते सगळीकडे पसरलं आहे. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून आधी बसायला खुर्ची दिली, तेव्हाच समजायचं ते समजलो. करण्यासारखं काही उरलं नाही, घरी न्या म्हणाल्या. किती दिवस, हे मी विचारलं नाही. आईला विचारलं, आमच्याकडे येतेस का, तर म्हणाली, "माझ्या खोलीत." शुक्रवारी आणतोय. आम्ही दोघं कामावर जाणार. तिच्याजवळ दिवसभर कुणीतरी हवं. तू तुझं दुकान तिथेच मांड, खाटेशेजारी. तुझ्या कीबोर्डचा खडखडाट चालेल का, तेही तिला विचारलं. म्हणाली, "येऊ दे. पण म्हणावं, जेवायला हाक मारली की उठायचं." हे सांगायला दोनदा फोन केला, आणि दोन्ही वेळा तुझं ते उत्साहाने "बोल दादा" ऐकून रीडरच्या किमतीच सांगत बसलो. म्हणून हे पत्र. गुरुवारपर्यंत ये, गाडीची वेळ कळव. त्या इमारतीला लिफ्ट नाही. तिला खुर्चीत बसवून जिना चढवायचा आहे. खरं सांगू, ती इतकी हलकी झाली आहे की मी एकटाही तिला उचलून नेईन. तेच मला एकट्याला करायचं नाहीये.

तुझाच,
दादा