चार शर्ट

मंगळवार, १० फेब्रुवारी

ताईंना नमस्कार.

तुमचं पत्र आणि लोकरीचे मोजे पोचले. मोजे ह्यांना बरोबर बसले. इकडे सगळं ठीक. हे दुपारचे झोपलेत, इस्त्रीचे कपडेही आज लवकर हातावेगळे झाले, म्हणून लिहायला बसले.

पत्रात तुम्ही पुन्हा लिहिलंय, "वहिनी, तुझ्यामुळे माझा भाऊ वाचला, तुझे उपकार कसे फेडू?" तीन महिन्यांतलं हे पाचवं पत्र. दर वेळी वाचते, घडी घालते आणि डब्यात ठेवून देते.

हे आता काठी धरून दारापर्यंत जातात. उजवा हात अजून उचलत नाही. दाढी मी करते. हनुवटीपाशी दोनदा कापलं, पण चेहरा इतका गुळगुळीत लग्नातही नव्हता. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी मला एक वही दिली. रोज एक चांगली गोष्ट लिहायची, म्हणजे मन हलकं होतं म्हणे. महिनाभर मी एकच लिहिलं: दूध उतू गेलं नाही. दुसरं काही सुचतच नव्हतं. ताई, मला काही वाटेनासंच झालंय. लोक म्हणतात, देवाचे आभार मान, नवरा जिवंत आहे. मी मान डोलावते.

शनिवारी ह्यांना चहा दिला. एक घोट घेतला, कपाळाला आठी घातली आणि स्पष्ट म्हणाले, "फिका." तीन महिने देईन ते मुकाट घेत होते. पूर्वी मीठ, साखर, पंखा, कशावरूनही कुरकुर चालायची आणि मी वैतागायचे. साखर घालताना कळलं, इतके दिवस मला ती कटकटच हवी होती. वहीत तेच लिहायला घेतलं आणि पेन अडलं. ते लिहायचं, तर त्याच्या आधीचंही लिहायला हवं.

तुम्हाला मी सांगितलं होतं, अर्धांगाचा झटका येऊन हे पडले आणि मी धावले. तसं झालं नाही.

आमचा तेव्हा अकरा दिवसांचा अबोला होता. कारण काय, तर इस्त्रीच्या खोलीतली खिडकी. त्यांना उघडी हवी, मला बंद. काही सांगायचं असलं की हे मांजराला म्हणायचे, "कुणाला तरी सांग, भाजीत मीठ नाही." लेकी बोले सुने लागे, तसं. फारच राग आला की शेजारच्या खोलीत खुर्ची आपटायचे. त्यांची ही लहानपणापासूनची खोड तुम्हाला ठाऊकच आहे.

त्या सकाळी आवाज आला. वाटलं, आपटली खुर्ची. मनात म्हटलं, आपटा खुशाल, मी काही येत नाही. हॉटेलच्या वेटरांचे चार शर्ट उरले होते. चारही केले. कॉलर, बाह्या, पाठ, सगळं नीट. चौथ्याची घडी घातली आणि मग उठले. वीस मिनिटं तरी गेली असतील.

डॉक्टरांना विचारलं, तेवढ्याने फरक पडला असता का? म्हणाले, सांगता येत नाही. म्हणजे पडलाही असता.

काल ह्यांना सांगितलं. पलंगापाशी उभी राहून, एका दमात. ते भिंतीकडे बघत होते. मग एकेक शब्द गोळा करत म्हणाले, "माहीत आहे. इस्त्री... ऐकू येत होती."

मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही.  त्यांनी डाव्या हाताने पांघरूण ओढलं, अंग सरकवलं आणि मला बसायला जागा केली. मी बसले. कपडे न्यायला माणूस आला, त्याला उद्या ये म्हटलं.

वहीत काल तेवढंच लिहिलं: ह्यांनी जागा केली.

त्यांनी जागा केली म्हणून तुम्हीही करावी, असं नाही. पाठचा भाऊ आहे तुमचा. चिडा, हवं तर येऊन तोंडावर बोला. फक्त आभार नकोत.

खाली वहिनी लिहायला हात धजत नाही. ते नाव अजून माझं असेल, तर पुढच्या पाकिटावर तुम्हीच लिहा.

तुमच्या भावाची बायको