पाचांपैकी तिसरा चित्रपट

सेन्सेई, मी तुमच्याशी खोटं बोलले होते. तुम्हाला जाऊन आता पाच वर्षं होतील, आणि ते खोटं तुम्हाला कळलं होतं की नाही, हे मला अजून ठाऊक नाही. इथं सनीव्हेलमध्ये दुपारचे अडीच वाजले आहेत. मुलगी शाळेतून यायला अवकाश आहे, नवरा कंपनीत आहे आणि खाली पार्किंगमध्ये एक माणूस वाळकी पानं उडवायचं यंत्र चालवतो आहे. या वेळेला इथल्या बायका देशात फोन लावायचा तर तिकडं मध्यरात्र म्हणून गप्प बसतात, कपडे धुवायला टाकतात, टीव्ही लावतात. मी गेलेल्या माणसाला पत्र लिहिते आहे. नवऱ्याला कळलं तर तो म्हणेल, "अगं, टॉक टू समबडी यार." तर तेच करते आहे.

दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर ओसाकाहून तुमच्या मैत्रिणीची कॅसेट यायची. जपानी चित्रपटांच्या वार्षिक पुरस्कारांचा सोहळा, तिनं टीव्हीवरून उतरवून घेतलेला, मधल्या साबणाच्या आणि शेवयांच्या जाहिरातींसकट. ती आली की तुमच्या पुण्याच्या फ्लॅटमधल्या जपानीच्या वर्गात आठवडाभर पुस्तकं बंद. आम्ही हॉलमध्ये सतरंजीवर, तुम्ही स्वयंपाकघरात पोळ्या लाटताय, दार उघडं. पडद्यावर कुणी नट कमरेतून वाकून आभार मानतो, आमच्यातलं कुणीतरी टेप थांबवतं आणि त्याचं भाषण मोठ्यानं मराठीत सांगतं. इंग्रजीत नाही, मराठीत, हा तुमचा हट्ट. "इंग्रजीत काय, तयार शर्ट कुणीही घालतं," म्हणायचात. चुकलं की आतून लाटणं पोळपाटावर आपटल्याचा आवाज. आमच्या वर्गातल्या बहुतेकांना कंपनीत जपानी गिऱ्हाईक सांभाळायचं होतं, त्यांना त्या नटनट्यांचं काही सोयरसुतक नव्हतं. मला होतं. मी बोलत असताना लाटणं आपटत नसे, आणि मला ते ऐकू यायचं, ते न आपटणं.

त्या सोहळ्याची एक रीत तुम्हाला फार आवडायची. दर विभागात पाच जण निवडतात, आणि त्या पाचही जणांना बक्षीस देतात. पाचही जण उत्कृष्ट. मग त्यांतला एक सर्वोत्कृष्ट. "बघा," तुम्ही पिठाच्या हातानं दारात येऊन सांगायचात, "रिकाम्या हातानं कुणी घरी जात नाही. आधी सगळ्यांना पाटावर बसवलं, मग एकाला जास्तीचा लाडू." मी तेव्हा विशीत होते. मला तो जास्तीचा लाडूच दिसायचा.

म्हणून तुमचं ते बोलणं इतकं लागलं. जपानला जायच्या शिष्यवृत्तीसाठी पाच नावं निघाली, त्यांत माझं होतं, आणि शेवटच्या मुलाखतीच्या आधी माझं लग्न ठरलं. मुलगा कॅलिफोर्नियात, कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या कंपनीत, घरचे सगळे हुरळलेले. मी सांगायला आले तेव्हा तुम्ही भाजी निवडत होतात. तुम्ही मान वर केली नाहीत. "पाचांत आलीस, तेवढ्यावर समाधान?" म्हणालात. मी म्हटलं, तिकडं गेल्यावरही जपानी चालूच ठेवीन, तिकडं उलट जास्त वाव आहे. तेव्हा तुम्ही वर पाहिलंत. "वाव जागेला नसतो गं. माणसाला असतो." मग बराच वेळ मेथीच्या काड्या मोडत राहिलात. मी रडत नव्हते, नुसती कानकोंडी होऊन बसले होते. लग्नात मात्र तुम्ही तुमचा स्वतःचा शब्दकोश घेऊन आलात, पानापानावर तुमच्या लाल पेन्सिलीच्या खुणा असलेला. माझ्या सासूबाईंनी तो आहेराच्या टेबलावर साड्यांखाली ठेवून दिला. तो घेऊन मी इथं आले. बॅगेत लोणच्याच्या बरणीपेक्षा जड होता.

इथं आल्यावर कळलं की मी डिपेंडंट आहे. नवऱ्याच्या व्हिसाला लटकलेली बायको. तिला राहता येतं, स्वयंपाक करता येतो, मुलं होऊ देता येतात, नोकरी करता येत नाही. हे आधी माहीत नव्हतं का? होतं. कागदावर वाचलं होतं. सहा महिन्यांत काहीतरी होईल असं सगळेच म्हणतात. मग मंदी आली, नवऱ्याच्या कंपनीत रोज कुणीतरी खोक्यात सामान भरून घरी जाऊ लागलं आणि त्याची नोकरी टिकणं हेच आमचं दोघांचं करिअर झालं. मंडळाच्या संक्रांतीला एक काकू भेटल्या, सत्तरच्या दशकात आलेल्या, नवरा डॉक्टर. त्यांनी विचारलं, "मग तू काय करतेस दिवसभर?" मी म्हटलं, जपानी शिकलेय. "अय्या, व्हॉट फॉर?" त्या अगदी प्रेमानं म्हणाल्या. "तू बेबीसिटिंग का नाही सुरू करत? कॅशमध्ये सगळ्या करतात." मी हसले. त्यांचं काही चुकलं नव्हतं, आणि म्हणूनच मला त्यांचा राग आला.

मग ते व्हिडिओचं दुकान सापडलं. जपानी किराणा दुकानाच्या शेजारी, एवढंसं, जपानच्या टीव्हीवरून उतरवलेल्या कॅसेटी भाड्यानं देणारं. दोन हजार तीनच्या वसंतात मी तिथून त्या वर्षीच्या पुरस्कारांची कॅसेट आणली. पहिल्यांदाच ती तुमच्याआधी मी पाहिली. पाच चित्रपटांचे तुकडे दाखवतात ना, त्यांतला तिसरा होता समुद्रकाठच्या गावातल्या एका न्हाव्याचा. अर्ध्या मिनिटाचा तुकडा. न्हावी एका म्हाताऱ्याची दाढी करतो आहे, दोघंही बोलत नाहीत आणि मध्येच म्हातारा हसतो. बस. सर्वोत्कृष्ट दुसराच कुठला तरी ठरला, लढाया आणि घोडे असलेला. त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन लावला, तुमच्याकडं सकाळचे आठ. तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, "जपानी चालू आहे ना?" मी हो म्हटलं. इथवर दर वेळी व्हायचं. त्या दिवशी तुम्ही पुढं विचारलंत, "चालू म्हणजे काय करतेस?"

कॅसेटचं रिकामं खोकं समोर होतं. मी म्हटलं, सबटायटल्सचं काम मिळालंय, जपानी चित्रपट इथं लागतात त्यांचं. "कुठला?" मी म्हटलं, न्हाव्याचा. घोड्यांचा म्हटला असता तर उद्या कुणीही विचारलं असतं. न्हाव्याला कोण विचारतंय, असा माझा हिशेब.  मग म्हणालात, "म्हणजे पाचांतला?" मी म्हटलं, हो, पण सर्वोत्कृष्ट नाही मिळालं. "वेडी आहेस का? पाचांत आला म्हणजे बक्षीस मिळालंच की त्याला. तुलाही थोडं मिळालं." आणि तुम्ही रडलात, सेन्सेई. तुम्ही, ज्यांनी मेथी निवडताना मान वर केली नव्हती. एवढ्या वर्षांत कुणी माझ्यासाठी आनंदानं रडलं नव्हतं. मला त्याच वेळी म्हणता आलं असतं की थाप मारली हो. मी म्हटलं, "अजून दुसऱ्या एकाचं बोलणं चाललंय."

खरं सांगते, मला मजा यायला लागली. पुढच्या फोनला मी तुम्हाला ओळी किती लांब असाव्यात, माणूस किती सेकंदांत किती अक्षरं वाचतो, असलं काहीबाही सांगत होते, ग्रंथालयातल्या एका पुस्तकातून पाठ केलेलं. तुम्ही ते सगळं वर्गाला सांगत होतात. तुमच्याकडं शिकणाऱ्या एका मुलीची मला ई-मेल आली: ताई, सेन्सेई रोज तुमचं उदाहरण देतात. मी तिला दीड पानाचं उत्तर लिहिलं, सल्ल्यासकट. नाकानं कांदे सोलायचे तर पूर्ण पोतं सोलावं.

पावसाळ्यात तुमच्या घरून काकांचा फोन आला. तुमचे यजमान कधी स्वतःहून फोन करत नसत. पोटातलं दुखणं, फार उशिरा कळलं, डॉक्टर काही बोलत नाहीत. "तिला तुझ्याशी बोलायचंय, पण आज नको, बरं वाटेल त्या दिवशी." बरं वाटण्याचा दिवस यायला तीन आठवडे लागले. तुमचा आवाज इतका बारीक झाला होता की मी स्वयंपाकघरातला पंखा बंद केला. तुम्ही म्हणालात, "तुझा चित्रपट पाहिला मी. ओसाकाहून मागवला. दोनदा पाहिला."  त्या कॅसेटमध्ये सबटायटल्स नसणारच, जपानहून आलेली ती, म्हणजे पकडली जाणार नव्हते; तरी मी खुर्ची ओढून बसले. तुम्ही धापा टाकत होतात. "शेवटाकडं ती आई दारात उभी राहून मुलाला म्हणते ना, ते वाक्य तू कसं केलंस? मी इथं पडल्या पडल्या मराठीत करून पाहिलं. मला जमेना."

मी म्हटलं, "शब्दशः नाही केलं, सेन्सेई. जरा मोकळं सोडलं."

 मागं कुकरची शिट्टी झाली, काका कुणालातरी गॅस बारीक करायला सांगत होते. मग तुम्ही म्हणालात, "बरं केलंस." आणि फोन काकांकडं दिलात. दोन आठवड्यांनी तुम्ही गेलात.

त्या दिवशी तो फोन ठेवला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला लाज वाटते पण वाटलं. भात लावला, नवरा आला, आम्ही जेवलो. जेवताना तुमची एक खोड आठवली आणि घास तोंडातच फिरायला लागला. वर्गात कुणी टेप न ऐकताच ऐकल्याचा आव आणला की तुम्ही रागवायचा नाहीत. तुम्ही त्याला अगदी गोड आवाजात विचारायचात, "ती नटी बहिणीबद्दल काय म्हणाली रे?" तो बिचारा काहीतरी ठोकून द्यायचा. नटीनं बहिणीचं नावही काढलेलं नसायचं. तुम्ही म्हणायचात, "बरं," आणि पुढच्याकडं वळायचात. त्याचा पाणउतारा कधी केला नाहीत. त्याला ते आठ दिवसांनी कधीतरी स्वतःच कळायचं.

तेव्हापासून मला एवढंच कळत नाही, सेन्सेई, की त्या चित्रपटात दारात उभी राहणारी आई आहे का. असेल, तर तुम्ही माझ्या थापेवर विश्वास ठेवून गेलात, शेवटच्या दिवसांत माझ्यासारखीला विचारावं इतका विश्वास ठेवून. नसेल, तर तुम्हाला सगळं कळलं होतं आणि तुम्ही मला एक शेवटची संधी दिली होती, आणि मी म्हटलं, मोकळं सोडलं. यांतलं काय जास्त वाईट ते मी भाजी चिरताना, गाडी चालवताना, मुलीचे केस विंचरताना ठरवत असते. दोन्ही बाजूंनी ठरवून झालंय. एकीकडं तुम्ही फसलात, एकीकडं तुम्ही एकट्या पडलात, आणि दोन्हीकडं मीच आहे.

सोपं आहे ना, चित्रपट पाहायचा. त्या दुकानात तो पाच वर्षं होता. मी कितीदा हातात घेतला असेल, खोक्यावरचा न्हावी मला पाठ आहे. मागच्या महिन्यात दुकान बंद झालं. आता सगळे इंटरनेटवरच बघतात. दुकानातल्या बाई उरलेला माल वाटून टाकत होत्या, त्यांनी त्या चित्रपटाची डिस्क माझ्या पिशवीत घातली आणि वाकून काहीतरी म्हणाल्या. मीही वाकले.

आणि आता कामाची परवानगीही आली आहे, कार्ड आलं, त्यावर माझा फोटो आहे. नवऱ्यानं केक आणला. "सी? फायनली! आता तू फ्री आहेस." एका कंपनीत दुभाषी हवा होता, मी गेले. समोर एक वयस्क जपानी गृहस्थ बसले होते, फार सभ्य. त्यांनी चार वाक्यं म्हटली. मला सूर ओळखीचा वाटला, आदर कुठं आहे ते कळलं, आणि अर्थ कळला नाही. मी पुन्हा म्हणायला सांगितलं. त्यांनी सावकाश, मुलाला सांगावं तसं सांगितलं. मग ते इंग्रजीत म्हणाले की काही हरकत नाही. मी गाडीत येऊन बसले आणि किती वेळ बसले ते आठवत नाही. रडले नाही. सात वर्षं मी त्या परवानगीची वाट पाहत होते, आणि मधल्या काळात ती भाषा निमूटपणे निघून गेली होती, मला न सांगता. मुलीला त्या दिवशी शाळेच्या बसपाशी घ्यायला उशीर झाला. "मॉम, यू फरगॉट मी," ती म्हणाली. मी म्हटलं, हो.

काका अजून त्याच पत्त्यावर आहेत. हे त्यांना पाठवता येईल, ते तुमच्या फोटोपुढं ठेवतील, पण आधी वाचतील, म्हणून पाठवत नाही. डिस्क कपाटात वरच्या फळीवर आहे. मुलगी यायला अजून दहा मिनिटं आहेत, दुपार रोज रिकामी असते, तेव्हा वेळ नाही असं मला म्हणता येणार नाही. एवढे दिवस मी स्वतःला सांगत होते की तुम्हाला कळलं होतं का, या भीतीनं मी तो पाहत नाही. तेही आता पूर्ण खरं नाही. आई दारात असेलही, सेन्सेई. ती काहीतरी म्हणेलही. ते मला कळणार नाही.