बाबांच्या डोळ्यांचे दोन चौकोन

आई,

वाकून नमस्कार केला असं समज. खोली बरी आहे, वेळेवर जेवतो, खोकलाही गेला.

इथं शाळेत चित्रकला शिकवतोय. फोटोवर चौकोन आखायचे, कागदावर तितकेच पण मोठे चौकोन, मग एकेक उतरवत जायचं. नववीची पोरं भारी वात्रट आहेत. एकानं मुख्याध्यापकांचं नाक तीन चौकोन लांब काढलं, आणि गंमत म्हणजे हुबेहूब दिसतंय!

नमुना म्हणून मी बाबांचा चेहरा काढला. माझ्याकडे त्यांचा तो जुना काळा-पांढरा फोटोच आहे ना. छान जमला. रंग भरायला घेतले तर पुढच्या बाकावरची म्हणाली, "सर, डोळे कुठल्या रंगाचे?"

मला सांगता येईना. वीस वर्षं एका घरात काढली, पण ते माझ्याशी बोलायचे ते पेपरच्या आडून. शेवटचं "चालता हो"सुद्धा.

"सर, स्वतःच्या बाबांचे माहीत नाहीत?" पोरं हसली. मीही हसलो.

ते दोन चौकोन अजून कोरेच आहेत. तुझा गुडघा कसा आहे? काळे की घारे, तेवढं नीट बघून कळव. फक्त मी विचारलंय असं बाबांना सांगू नकोस, मुद्दाम डोळे मिटून घेतील.

तुझाच,
भटक्या