गाडीची किल्ली

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी घडलं ते लिहिते.

१. आज सकाळी मैदा मळायच्या यंत्रात काकांची बाही अडकली.
२. झाकण उघडं होतं. झाकण उघडलं की यंत्र थांबायला हवं. पण झाकणाचं बटण चिंधीने दाबून बांधलेलं होतं.
३. मी मेन स्विच बंद केला. बाही फाटली. हात शाबूत आहे.
४. चिंधी काकांनीच बांधली होती.

तू पाठवलेली 'आधी सुरक्षा' ही पाटी यंत्राच्या बरोबर वर आहे. बेकरी माझ्या हाती देताना तू सांगितलंस, तसं मी सगळ्यांना समजावलंही होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकू म्हणतात, आता काका कामावर येणार नाहीत. चिंधी का बांधली, असं काकांना विचारलं तर ते छताकडे बघतात. काय करावं, ते कळव.

तुझी धाकटी

७ मार्च

चि. इंजिनियरबाईंस,
अ. उ. आ.

हात वाचला हे तिसऱ्या कलमात? तोवर इकडे माझा जीव टांगणीला. उद्या तुझं लग्न ठरलं तरी तू ते चौथ्या कलमात कळवशील.

काकांना रागावू नकोस. त्यांच्या हातापुढे पाव काही नाही. लागेल ते कर, मी पाठीशी आहे. फक्त एक बघ. काकांना मुळात घाई नसते, जेवायलाही तास लावतात. मग त्या वेळी घाई कुणाची होती? इथल्या नव्या भट्टीपायी मला हलता येत नाही, नाहीतर मीच आलो असतो.

तब्येतीला जप. माया आहेच.

दादा

१२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घाई दुकानांत पाव पोचवणाऱ्या गाडीवाल्याची होती. तो दारात गाडी लावून हॉर्न वाजवत बसतो. हॉर्न झाला की काका यंत्र न थांबवताच कडेचा मैदा खरवडतात. काकांच्या जागी मी स्वतः उभी राहिले. दुसऱ्याच हॉर्नला माझाही हात चिंधीकडे गेला. हे काकूंना कळवू नकोस.

आता गाडीची किल्ली यंत्राशेजारच्या खुंटीवर असते. यंत्र थांबवून, खरवडून, धुऊन झालं की यंत्रावरचा माणूसच ती गाडीवाल्याला देतो. किल्लीशिवायही हॉर्न वाजायचा; ती जोडणी मी बदलली. पहिल्या दिवशी गाडीवाल्याने विचारलं, की ताईसाहेब, आता पाव पायी पोचवू का? परवापासून तोच पाण्याची नळी धरून यंत्र धुवायला उभा असतो.

काल काका बघायला आले. किल्ली हातात घेऊन त्यांनी गाडीवाल्याला मुद्दाम ताटकळत ठेवलं. बऱ्याच दिवसांनी हसले. काकू दारातच उभ्या होत्या. डबा कधीपासून द्यायचा, एवढंच त्यांनी विचारलं. मला बरं वाटलं.

एक बाकी आहे. पाव आता दुकानांत अर्धा तास उशिरा पोचतो. वेळेचा शब्द दुकानदारांना तू दिलास; तो मला बदलता येत नाही. त्यांच्या तक्रारी आल्या की तू मला घाई करशील, मी काकांना करीन, आणि चिंधी परत येईल. तेव्हा काकांच्या हाताबद्दल मला लिहिलंस तेच नव्या वेळेसह, तुझ्या सहीने दुकानदारांना लिही.

काका बावीस तारखेला कामावर येतील. माया आहे तेवढीच असू दे, आणि वीस तारखेपर्यंत उत्तर पाठव.

तुझी धाकटी