तुझ्या अकाउंटशिवाय मशीन अडतं

मंगळवार, दुपार
दुकानातून

दादा,

आधीच सॉरी. माझं शुद्धलेखन कसं आहे तुला माहितीये, शाळा सोडल्यापासून तर आणखीच आनंद. आणि टाइप करते एका बोटाने. वेलांटी सापडेपर्यंत काय लिहायचं होतं तेच विसरते. समजून घे.

तू बरा आहेस ना? नवीन खोलीत ऊन येतं का? आम्ही ठीक. आईचा गुडघा तसाच आहे. दुकान बरं चाललंय, सध्या दारावरच्या नावांच्या पाट्याच जास्त.

लिहायचं कारण म्हणजे कॉम्प्युटर, पाट्यांची अक्षरं कापायचं मशीन ज्याच्यावर चालतं तो. त्याच्यावर रोज एक खिडकी यायची की ही सिस्टिम आता जुनी झाली, बदला. बाबा ती बंद करायचे, माशी हाकलल्यासारखी. मग परवा एका दवाखान्याची पाटी कापताना सगळं मधेच थिजलं. नुसतं 'डॉ' कापून झालं आणि मशीन गप्प. तेव्हा बाबांनी स्क्रूकाकांना बोलावलं. हे रिपेअरवाले, तू गेल्यावर यायला लागले. चालले की खिशात स्क्रू वाजतात.

काका म्हणाले, "दोन मार्ग आहेत. आहे त्याच्यावरच नवीन सिस्टिम चढवायची, म्हणजे अपग्रेड. फायली, अकाउंट सगळं जागच्या जागी राहील. पण जुनी घाणही राहील, आणि मधेच अडकलं तर माझ्या नावाने ओरडू नका. नाहीतर सगळं पुसून कोरं करायचं आणि नव्याने टाकायचं. तुमची डिझाइनं आधी काढून घेऊ. मी तर म्हणेन, कोरंच करा. घर बदलताना कोणी जुना कचरा नव्या घरात नेतं का?"

"आम्ही नेतो," बाबा म्हणाले.

"तीन पायांची खुर्ची आणलीये ह्यांनी," आई आतून ओरडली. "अजून आहे. दाखवू का?"

बाबांनी तिकडे लक्षच दिलं नाही. "अपग्रेडच करा. कोरं केलं तर मुलाचं अकाउंट जाईल. मशीन त्याच्यातूनच चालतं. अडेल."

नाव नाही घेतलं तुझं. पण 'मुलाचं' म्हणाले. तू गेल्यापासून त्यांच्या तोंडून तेवढंही आलं नव्हतं.

तुला हे माहीत नसेल. बाबा रोज सकाळी तुझंच अकाउंट उघडतात. तुझा तो डोळे मिटलेला फोटो येतो, मग ते सावकाश तुझा पासवर्ड टाकतात आणि मगच चहाचा कप उचलतात. मी विचारलं की म्हणायचे, त्याने तसंच करून ठेवलंय, दुसरीकडून मशीन चालतच नाही.

पण चालतं. एकदा ते जेवायला गेले होते तेव्हा मी त्यांच्या अकाउंटमधून एक पाटी कापून बघितली. मस्त कापली.

काका गाडीतून वायर आणायला गेले, तेव्हा मी सांगून टाकलं. मी अशी मधे बोलत नाही हे तुला माहितीये. कान गरम झाले होते माझे.

"बाबा, मशीन तुमच्या अकाउंटमधूनही चालतं. मी बघितलंय."

ते खाली पडलेले कात्रणाचे तुकडे उचलत होते. "माहितीये मला."

"मग?"

"मग काय मग? अपग्रेड म्हटलं ना."

'तुझ्यावाचून दुकान अडत नाही' असं तू गेलास त्या दिवशी तेच म्हणाले होते ना तुला. मी दाराआड होते.

तर काकांनी अपग्रेड लावलं. स्क्रीनवरचा टक्क्यांचा आकडा सरकता सरकेना. बाबा समोर स्टूल घेऊन बसले. गिऱ्हाईक आलं तरी "उद्या या." मधे स्क्रीन काळा झाला तर ताडकन उभेच राहिले. काका म्हणाले, "बसा हो, असंच होतं." शेवटी सुरू झालं. सगळं जागच्या जागी होतं. तुझा फोटोही, फक्त आता गोल दिसतोस.

काका गेल्यावर बाबांनी तुझं अकाउंट उघडलं तर नवीनच खोडी. पासवर्ड घेतला, मग म्हणे हा नंबर अजून तुमचाच आहे का, त्यावर कोड पाठवतो, तो टाका. तुझ्या नंबरचे शेवटचे दोन आकडे दिसत होते. बाबा त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले. मग चष्मा काढून पुसायला लागले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "विचार त्याला."

म्हणून हे पत्र. कोड लगेच शिळा होतो, लिहून पाठवून उपयोग नाही. तूच फोन कर, दुकानाच्या नंबरवर, सकाळी. इथून बटण दाबलं की तुला कोड येईल, तो वाचून दाखव. फोन बाबाच उचलतील. मला फोनवर तोंड फुटत नाही, वर्गात उभं केलं की व्हायचं तसंच.

दुकान अडलेलं नाही, मी बाबांच्या अकाउंटमधून पाट्या कापतेय. हेही त्यातूनच लिहितेय.

आणखी एक. त्या कोडच्या खाली बारीक अक्षरात 'आत्ता नको' असं बटण आहे. ते दाबलं की सरळ आत जाता येतं. बाबा चष्मा पुसत होते, त्यांना दिसलं नाही. मी दाखवलं नाही. तूही बोलू नकोस.

फोनशेजारी बसलेली,
मुंगी

ता. क. समोरच्या शिंप्याने दाढी काढली. गिऱ्हाइकं आत जाऊन त्यालाच विचारतात, शिंपी कुठे गेले?