पाटीवरचं माझं वाक्य

४ नोव्हेंबर
आज एका गंभीर अन्यायाची नोंद करणे भाग आहे. राजारामपुरीत रंगरावांच्या छापखान्यात गेली अठरा वर्षे ज्या स्टुलावर मी रोज संध्याकाळी बसतो, त्यावर आज लॅमिनेशनचे यंत्र विराजमान. पूर्वसूचना नाही, सुनावणी नाही. चहा उभ्याने.
"शास्त्री, यंत्र कमावतंय. तुमी काय करतासा?" इति रंगराव.
मी लग्नपत्रिकांवरचे श्लोक तपासतो. फुकट. माझ्या संस्कृत एम.ए.चा कोल्हापूरला झालेला एवढाच उपयोग. बाकी दैनिकाचा वार्ताहर आहे, पण ते रंगराव कामात धरत नाहीत. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची गर्दी. म्हणजे महिनाभर उभंच.

६ नोव्हें.
मलकापूरकडचे एक गृहस्थ पत्रिका टाकायला आले. मुलीचं लग्न. पोरगी काय करते, रंगरावांनी सहज विचारलं. "दहावीला हाय." रंगरावांचं पेन थांबलं.
"शाळेचा दाखला आणा, पावणं."
"दिसायला मोठी हाय की पोरगी."
"दिसायला मीबी तरणा हाय. न्हाय छापणार."
"तुमचं काम छापायचं. इचारायचं न्हाय."
"दुकान माझं हाय. इचारणार."
गृहस्थ कागद ओढून घेऊन गेले. मी बाहेर येऊन तिकडच्या ओळखीच्या ग्रामसेवकाला फोन लावला; गावातले बालविवाह रोखणं त्याच्याच कामात येतं. आत आलो तर रंगराव पेनाला टोपण लावत होते. म्हणाले, चहा गार झालाय.

९ नोव्हें.
लग्न थांबलं. ग्रामसेवक पोलिसांना घेऊन घरी जाऊन आला, अठरा पुरी होईपर्यंत लग्न करणार नाही असं बापाने लिहून दिलं. मुलगी शाळेत. बातमी दिली, रंगरावांच्या फोटोसकट. चार कॉलम. संपादकांचा स्वतःहून फोन, हे दुर्मिळ.

१३ नोव्हें.
रंगरावांना शाल-नारळ, तीन ठिकाणी. बातमीचं कात्रण लॅमिनेट करून काउंटरमागे टांगलंय. म्हणजे माझं स्टूल अगदीच वाया गेलं नाही.
आता पाटी हवी म्हणाले. त्यांचा मजकूर: "वयाचा दाखला दाखवल्याशिवाय पत्रिका छापणार नाही." मला फार बाळबोध वाटला. मी करून दिलं: "नीतिबाह्य कामे स्वीकारली जात नाहीत." सुटसुटीत, भारदस्त. रंगराव खूश, मी त्याहून. घरी सौ.ला वाचून दाखवलं. "म्हणजे कुठली कुठली कामं?" तिला शैलीचं काही नाही.

१९ नोव्हें.
एक मुलगा, एक मुलगी, दोघं अठ्ठावीसच्या आसपास. तो कबनूरचा, यंत्रमागाच्या कारखान्यात सुपरवायझर. ती इथल्याच एका दवाखान्यात नर्स. बातमी वाचली असावी. आधार कार्डं आधीच काउंटरवर मांडली. जाती वेगळ्या. आडनावं ऐकून ते इथे कुणालाही कळतं. मजकुरात 'आपले विनीत' खाली त्या दोघांचीच नावं.
"आई-वडील हायत न्हवं?" रंगराव.
"आहेत. येणार नाही म्हणालेत."
"मग आमच्यानं व्हायचं न्हाय." पाटीकडे बोट.
मुलीने पाटी मोठ्याने वाचली. म्हणाली, "काका, ह्यात आमचं काय बसतं?"
रंगरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिनेही. माझ्या हातात दुसऱ्या कुणाच्या तरी पत्रिकेचं प्रूफ होतं. मी ते अतिशय बारकाईने वाचलं.

२० नोव्हें.
रंगरावांशी वाद. म्हटलं, तिथं मुलगी अल्पवयीन होती, कायदा होता. इथं दोघं सज्ञान, कायदा त्यांच्या बाजूचा.
"मी काय कायदा बघून न्हाय म्हटलं व्हतं? मला पटलं न्हवतं. हेबी पटलं न्हाय. दोन्ही येळंला मन माझं एकच हाय की."
"पण रंगराव..."
"तवा शाल, आन् आता शिव्या? पाटीवर तुमीच नीती लिवलासा. कायदा लिवायचा व्हता."
एम.ए.ला न्यायशास्त्र, म्हणजे वादाचंच शास्त्र, दोन वर्षं शिकलोय मी. घरी येईपर्यंत वाक्य जुळवत आलो. दुकानदाराने मन घरी ठेवून यावं म्हणावं, तर त्या मलकापूरच्या मुलीची पत्रिकाही छापून झाली असती.

२५ नोव्हें.
रक्तदाब तपासायला गेलो. पट्टा बांधायला नेमकी तीच नर्स. ओळखलं तिने. वाटलं, आता बाहेर बसवणार. बसवलं असतं तर तक्रार करायला मला तोंड नव्हतं. पट्टा बांधला, आकडा सांगितला, मीठ कमी करा म्हणाली. मग मोबाईल पुढे केला. पत्रिका त्यांनी त्यावरच करून घेतलीय.
"काका, वरचा श्लोक बरोबर आहे का बघा. तिकडं तुम्हीच बघता ना?"
बरोबर होता. तसं सांगितलं. "सात तारखेला लग्नाला काकूंना घेऊन या."
हिच्या टेबलामागे पाटी नाही, हे पट्टा सुटल्यावर लक्षात आलं.

२७ नोव्हें.
रंगरावांना म्हटलं, पाटी बदलू. तुमचं पहिलं वाक्यच घालू. मोठ्या वादाच्या तयारीने गेलो होतो.
"घाला की. मला कुठं लिवाय येतंय? तुमी लिवून आणा, लगीच टांगतो. ती पोरं गेल्यापासनं मलाबी चहा गोड लागंना."
स्टूलही परत मिळालं. यंत्र टेबलावर गेलं. म्हणजे आता माझी तक्रारच उरली नाही. हेही जरा गैरसोयीचंच.

१ डिसें.
वाक्य लिहून दिलेलं नाही. सहा शब्द, चार दिवस. "शास्त्री, मुहूर्त बघतासा व्हय?" रंगरावांनी आज विचारलंच.
सात तारखेला जायचं का, सौ. विचारतेय. बघू म्हटलं.
दुपारी पुण्याहून गार्गीचा फोन. हौसेने मुलीचं नाव गार्गी ठेवलं आणि ती प्रश्न फार विचारते म्हणून वीस वर्षं कुरकुरलो. आज तिने काहीच विचारलं नाही. नुसती सांगत होती. समीर म्हणाला, समीरने आणलं, समीरच्या आईने डबा दिला. गेल्या तीन फोनांत हेच नाव. आडनाव तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. "विचारायचं होतंत की," सौ. म्हणाली. म्हटलं, रेंज नव्हती.
रेंज चांगली होती.
रंगराव उद्या गार्गीची पत्रिका छापायला नाही म्हणतील, ही माझी काळजी नाही. त्यांनी माझ्याच वाक्याकडे बोट दाखवलं, तर मला आतून बरं वाटेल, ही आहे. पाटी अजून तशीच आहे.