ढगाला दाखवलेलं बोट

४ ऑक्टोबर, माजलगाव
आज सहकारी साखर कारखान्यात हवामान अधिकारी म्हणून रुजू झालो. चेअरमन मोहनरावांनी स्वतः पेढा भरवला. उपग्रहाच्या चित्रांत बंगालच्या उपसागरातल्या वादळांचं बाष्प पांढरंशुभ्र दिसतं. असं एखादं वादळ इकडे आलं तरच कोरडं धरण भरेल, ऊस वाचेल. तुळजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी, पाटोद्याला गेली आहे. खोली झकास मिळाली. घरमालकीण बायनाबाईंच्या भोपळ्याला कोवळं फळ लागलंय. मी बोट दाखवून कौतुक केलं, तर म्हणाल्या, "कवळ्या फळाला असं बोट दावू न्हाई, सडतंय. मुडपून दावावं." मी हसलो.

७ ऑक्टोबर
भोपळा सडला. कीड असेल.
वादळ आंध्राचा किनारा ओलांडून आत शिरलं. पहिला मोठा ढग नेमका पाटोद्याकडे निघालाय. तिथल्या सूतगिरणीचा चेअरमन माझा साडू अर्जुनराव. पावसाचं श्रेयही तोच लाटणार. सासरी उठता-बसता त्याचंच नाव. तुळजासुद्धा फोनवर म्हणाली, दाजींनी गाडी दारातच उभी ठेवलीय. माझा नुसता जळफळाट झाला. हा बघा अर्जुनरावांचा पाऊस, म्हणत मी संगणकाच्या पडद्यावरच्या ढगाला बोट दाखवलं.

८ ऑक्टोबर
ढगाला भोक पडलंय. बोट ठेवलं होतं, बरोबर तिथे. पाटोद्यात थेंब नाही. वाईट वाटायला हवं होतं, पण मला बरं वाटलं. दुपारी पुन्हा दाखवलं.

९ ऑक्टोबर
भोक वाढतंय. मोहनराव विचारत होते, वादळ वाटेतच का विरतंय. मी दोष वाऱ्यावर ढकलला.
तुळजाचा फोन. बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय म्हणे. काल दुपारपासून —
मी ढगाला दाखवलं होतं. तिला नाही. पण ती त्याच गावात —

१० ऑक्टोबर
बोट मुडपून दाखवलं. पुन्हा पुन्हा. भोक तसंच.
बायनाबाईंना सगळं सांगितलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोटात जळतंय तवर मुडपून काय व्हतंय."

११ ऑक्टोबर
तिला दवाखान्यात नेलं. अर्जुनरावाने. रक्तही त्यानेच दिलं. सासूबाई सांगतात, देवासारखे धावले.
बरं झालं. मला आनंद झालाय. मला खरंच —
उजवा हात खुर्चीला बांधलाय. डाव्याने लिहितोय. पडदा बंद आहे, तरी बोटाला पाटोदा कुठे ते कळतं —
तुळजाचा फोन आला. बाळ हललं म्हणाली. सगळ्यांत आधी दाजींना सांगितलं —
पेन सुटतंय. डावं बोट पाटोद्याक